आधी घडी ठरवा, मग प्रिंट काढा: डिजिटल किटमधून अल्बम, बटवे आणि दुपटं

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी एक डिजिटल स्क्रॅपबुक किट, म्हणजे छापून वापरायच्या कागदांच्या आणि चित्रांच्या फाइल, विकत घेतलंय. पैठणीच्या रंगांचे कागद आहेत, वर मोर, कुयऱ्या, टोपडी, पाळणे. मुलीचं डोहाळजेवण दीड महिन्यावर आलंय आणि पुढे बारसं. त्यांना घड्यांचा अल्बम करायचाय, चाळीस बायकांना द्यायला कापडी बटवे करायचेत आणि बाळासाठी एक दुपटं. घरच्या प्रिंटरवर काढलं तर राणी रंग विटका आला आणि फेविकॉल लागताच शाई फुटली. दुकानातून काढून आणलं तर घडीवर रंग तडकून पांढरी रेघ दिसायला लागली, शिवाय नक्षी स्क्रीनवर होती त्यापेक्षा लहान निघाली. त्या विचारतात, माझं काय चुकतंय आणि कोणता प्रिंटर घेऊ?

ताई, नवा प्रिंटर घेऊ नका. तुमच्या चार तक्रारींची कारणं चार आहेत, आणि त्यातलं एकही प्रिंटर बदलून जाणारं नाही. ठाण्याच्या नौपाड्यात मी अठरा वर्षं कागदकामाचे वर्ग घेतेय. पहिल्या दिवशी कात्री हातात देण्याआधी मी प्रत्येकीला विचारते, ही वस्तू झाल्यावर तिचं काय होणार आहे? तिला घडी पडणार का, ओला गोंद लागणार का, ती धुवायला जाणार का? हे ठरलं की कोणती शाई, कोणता कागद, घरी की दुकानात, हे सगळं त्यातूनच ठरत जातं. बहुतेक जणी किट आवडलं म्हणून आधी पंचवीस पानं छापून आणतात आणि मग त्यांचं काय करायचं ते शोधत बसतात.

आधी मापाचं बघू, कारण पैसे सगळ्यात जास्त तिथे जातात. किटमधले कागद बहुधा १२ बाय १२ इंचांचे असतात, ३०० डीपीआयला, म्हणजे इंचामागे ३०० ठिपके. म्हणजे फाइल ३६०० बाय ३६०० पिक्सेलची. आपला ए-फोर कागद आडवा जेमतेम सव्वाआठ इंच. दुकानातल्या पोराने 'फिट टू पेज' तसंच ठेवलं की अख्खं पान आक्रसून दोन तृतीयांश होतं आणि तुमचा तीन इंचांचा मोर दोन इंचांचा होतो. त्याला 'ॲक्चुअल साइज' किंवा '१०० टक्के' ठेवायला सांगा, आणि फाइलमधून हवा तेवढा ८ बाय १० इंचांचा तुकडा आधीच कापून न्या. पूर्ण १२ इंचांचं पान हवं असेल तर डिजिटल प्रेसवर जा. तिथे १२ बाय १८ इंचांची शीट चालते. कडेला थोडी जागा छापली जात नाही, म्हणून साडेअकरा इंच हाताशी येतील असं धरा. आणि शेजारी जी सहा इंचांची पट्टी उरते ती कोरी सोडू नका. तिच्यात टॅग, नावाच्या चिठ्ठ्या, छोट्या कुयऱ्या भरून टाका. पैसे शीटचे लागतात, शाईचे नाही.

दुकानात गेलं की हमखास म्हणतात, 'मॅडम, व्हॉट्सॲप करा.' फोटो म्हणून पाठवलंत तर फाइल दाबली जाते आणि बारीक जरीकाम, पिसांच्या रेषा सगळं मऊ पडतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर पेन ड्राइव्ह न्या. पारदर्शक पार्श्वभूमीची चित्रं, म्हणजे पीएनजी, एकेकटी देऊ नका. जेपीजी करताना कधी कधी मागे काळा चौकोन येतो. घरीच एका पानावर सगळी मांडून पीडीएफ करून न्या.

आता राणी रंग. स्क्रीनवर रंग उजेडाचा असतो, कागदावर शाईचा. राणी, पोपटी आणि मोरपंखी हे आपले लाडके रंग चार शायांच्या छपाईत थोडे दबतातच, पैठणीच्या किटमध्ये तर हेच तिन्ही भरलेले. यावर जादू नाही. साध्या ७५-८० जीएसएमच्या (चौरस मीटरमागे ग्रॅम, हा आकडा जितका मोठा तितका कागद जाड) झेरॉक्सच्या कागदावर शाई आत मुरते आणि रंग आणखी उतरतो. घरी इंकजेटवर काढत असाल तर मॅट कोटेड कागद घ्या आणि सेटिंगमध्ये कागदाचा प्रकारही तोच निवडा. हे दुसरं बायका विसरतात. बाकी सगळी पानं छापण्याआधी एकाच कागदावर सगळ्या डिझाइनचे दोन-दोन इंचांचे तुकडे छापून बघा. खिडकीत दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबखाली नको.

घडीवरची पांढरी रेघ आणि फुटलेली शाई यांची कारणं एकमेकांच्या अगदी उलट आहेत. दुकानातलं लेझर मशीन टोनरची भुकटी कागदावर वितळवून बसवतं. तो रंग कागदाच्या वर असतो, साईसारखा. पाण्याने तो हलत नाही, पण कागद वाकला की साय तडकते. घरच्या इंकजेटची शाई कागदात शिरते. ती घडीवर तडकत नाही, पण बऱ्याच घरगुती प्रिंटरमधली रंगीत शाई पाण्यात विरघळणारी असते आणि फेविकॉल अर्धा पाणीच असतो. म्हणून ज्याला ओला गोंद लागणार ते दुकानात लेझरवर. ज्याला घड्या पडणार ते घरी इंकजेटवर, आणि चिकटवायला दुहेरी टेप. घडीही आहे आणि गोंदही आहे अशी वस्तू असेल, उदाहरणार्थ तुमचा अल्बम, तर घडीचा भाग आणि छापलेला भाग वेगळा करायचा. तडकण्याचा प्रश्नच मिटतो. ते पुढे सांगते.

कार्डासारखी एखादी छापील वस्तू दुमडायचीच असेल तर आधी क्रीझ पाडा. रिफिल संपलेलं बॉलपेन घ्या, स्टीलची पट्टी ठेवा आणि जी बाजू घडीच्या बाहेर येणार त्या बाजूवरून दोनदा ओढा, दुसऱ्यांदा जरा जोर देऊन. बोट फिरवलं तर बारीक नाली लागली पाहिजे. मग नालीचा उंचवटा घडीच्या आतल्या बाजूला येईल अशी घडी घाला. हे चुकीचं वाटतं, पण बरोबर तेच आहे. आणि कागदाला वळण असतं, ते ओळखा. शीट हातात धरून एकदा उभी, एकदा आडवी हलकेच वाकवा. ज्या बाजूने ती निमूट वाकते ती तिची चाल. घडी त्या चालीने आली तर सरळ बसते, उलट आली तर तंतू तुटून दातेरी होते. दुकानात मॅट लॅमिनेशन केलंत तर घडी बरीच सावरते, पण मग त्या पृष्ठभागावर फेविकॉल धरत नाही. तिथे टेपच.

आता अल्बम. घड्यांची माळ, म्हणजे उघडली की लांब पसरणारी पट्टी, ही साध्या जाड कागदाची करायची. १७० ते २०० जीएसएमचा रंगीत कार्टरेज किंवा हातकागद घ्या. पुण्याच्या हातकागद संस्थेत सुती चिंध्यांपासून हा कागद बनतो आणि तो घडीला फार छान वागतो, कारण त्यात लांब तंतू असतात आणि वळण मिलच्या कागदाइतकं पक्कं नसतं. त्या कोऱ्या माळेच्या एकेका पानावर तुमची छापील पानं चिकटवायची, पानापेक्षा चारी बाजूंनी पाव इंच लहान कापून. घडी कोऱ्या कागदाला पडते, छापील कागद सपाट राहतो, आणि भोवतीचा कोरा काठ चौकटीसारखा दिसतो. तुमची तडकलेली पानंही वाया गेली नाहीत. घडीपाशी कापून दोन तुकडे करा आणि तीच लावा.

पाठीपोटीची कव्हरं दीड-दोन मिलिमीटरच्या पुठ्ठ्याची. त्यावर चढवायला जाड कागद घेऊ नका, १०० ते १३० जीएसएम पुरे. कागद पुठ्ठ्यापेक्षा चारी बाजूंनी पाऊण इंच मोठा ठेवा. कोपरे तिरके कापताना पुठ्ठ्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या जाडीच्या दीडपट कागद सोडून कापा, नाहीतर कोपऱ्यातून पुठ्ठा डोकावतो. गोंद पुठ्ठ्यावर न लावता कागदाला लावा, मधून बाहेर, पातळ आणि सगळीकडे सारखा. कागद ओला झाला की फुगतो. एक मिनिट थांबा, त्याचं फुगणं होऊ द्या, मग पुठ्ठ्यावर ठेवून सुती फडक्याने मधून कडेकडे दाबत न्या. घाईत लावलेला कागद पुठ्ठ्यावर गेल्यावर फुगतो, आणि बुडबुडे येतात ते त्यामुळेच. बाहेरून कागद लावला की पुठ्ठा वाळताना त्या बाजूला वाकतो, म्हणून आतूनही कागद लावायचाच. आतला ताण बाहेरच्या ताणाला धरून ठेवतो.

जुने बाइंडर फेविकॉलऐवजी मैद्याची खळ वापरत आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकत. खळ हळू वाळते म्हणून कागद सरकवून नीट बसवता येतो आणि मला स्वतःला ती आवडते. पण मोरचूद विषारी आहे. हा अल्बम बाळाच्या हातात आणि तोंडात जाणार, तेव्हा तुमच्या कामाला फेविकॉलच.

आणि वाळवणं. इथे जीव तोडून सांगते, कारण माझ्या हातून एक काम यात गेलंय. एका आजींच्या पंच्याहत्तरीचा अल्बम मी जुलैत केला होता. वरून हाताला कोरडा लागला म्हणून रात्रीच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला. पंधरा दिवसांनी त्यांच्या सुनेचा फोन आला. पानं एकमेकांना चिकटली होती आणि काठावर बुरशीचे तपकिरी ठिपके आले होते. त्यात त्यांच्या लग्नाचा एकुलता एक फोटो होता आणि तो मूळ फोटो होता. मी पाण्याच्या वाफेवर धरून तो सोडवला, पण एक कोपरा गेला तो गेलाच. तेव्हापासून मी मूळ फोटो कुणाच्याच अल्बममध्ये लावत नाही. ६०० डीपीआयला स्कॅन करते आणि प्रत लावते. आपल्या ठाण्यात खाडीची हवा, त्यात पाऊस. पुठ्ठ्याच्या आतलं पाणी निघायला उन्हाळ्यात एक रात्र लागते, पावसाळ्यात तीन दिवस. दोन्हीकडून कोरे कागद लावून वजनाखाली ठेवा आणि ते कागद सकाळ-संध्याकाळ बदला. हाताला गार लागतंय तोवर आत ओल आहे. नवा कागद आणतानाही तो फॅनखाली मोकळा न टाकता पाकिटातच आडवा ठेवा, कारण दमट शीट प्रिंटरमध्ये अडकते.

बटव्यांकडे वळू. चाळीस बटव्यांसाठी घरी कापडावर प्रिंट काढायचा विचार सोडून द्या. हे काम सब्लिमेशनचं आहे. या छपाईत रंगाची वाफ होऊन ती गरम दाबाखाली पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते, साधारण १९०-२०० अंशांना, मिनिटभरात. रंग झळाळता येतो, म्हणून तुमची राणी आणि मोरपंखी इथे खुलतील. मात्र कापड पांढरं किंवा फिकं पॉलिस्टर सॅटिनच हवं. सुती कापडावर तो रंग धरत नाही, दोन धुण्यांत जातो. कुणी 'कॉटनवर पण होतं' म्हणालं तर एक तुकडा करून घ्या आणि साबणात घासून बघा.

हिशेब असा. तयार बटवा ५ बाय ७ इंच. शिलाई धरून पट्टी ६ इंच रुंद, आणि खाली घडी, वर नाडीची दुमड धरून १७ इंच लांब. पन्हा ४४ इंच धरला तर आडव्या सात पट्ट्या बसतात, चाळिसांसाठी सहा ओळी, म्हणजे १०२ इंच. पावणेतीन मीटर सांगा. आता यातली मेख ऐका. पट्टी तळाशी दुमडली जाते, त्यामुळे पुढचा मोर सरळ उभा असला तर मागचा डोक्यावर उभा राहतो. फाइलमध्ये पट्टीच्या मध्यावर रेघ आखा आणि मागच्या अर्ध्या भागातली नक्षी १८० अंशांत फिरवा, मगच छापायला द्या. आणि कापलेल्या सॅटिनचे धागे लगेच सुटतात, म्हणून शिवण्याआधी काठ ओव्हरलॉक करून घ्या. नाड्या आणि गोंडे जांभळी नाक्याच्या बाजारात घाऊक मिळतील. बटवे शिवून झाल्यावरच घ्यायला जा, रंग जुळवता येतो.

घरी कापडावर छापायची हौस असेल तर ती अल्बमच्या कव्हरवर पुरवा. पांढरं घट्ट विणीचं पॉपलीन धुऊन त्याची खळ काढा, वाळवून कडक इस्त्री करा. ए-फोर मापाचा पूर्ण पानाचा स्टिकर कागद आणा, त्यावर कापड मधून बाहेर दाबत चिकटवा आणि धारदार कटरने कागदाच्या काठाला अगदी लगत कापा. एकही धागा लोंबता राहता कामा नये, प्रिंटरचा डोकं फिरवणारा शत्रू तोच. जी कड आधी आत जाणार तिला पातळ टेप लावा आणि जाड कागदाचं सेटिंग ठेवून एकेक पान सोडा. हे फक्त इंकजेटमध्ये करायचं. लेझर मशीन आत तापतं, स्टिकरचा गोंद वितळून आतल्या गरम रोलरला बसतो आणि मशीन जातं. छापलेलं कापड एक दिवस तसंच राहू द्या, मग कोरड्या इस्त्रीने दाबा. वाफ नको. हे कापड धुता येणार नाही, फार तर वरून झटकता येईल.

लेझर प्रिंट सुती कापडावर उतरवायची एक जुनी रीतही आहे आणि मला ती मनापासून आवडते. नक्षी आरशातल्यासारखी उलटी छापून घ्या. कापडावर ॲक्रिलिक मीडियमचा (ॲक्रिलिक रंगात मिसळतात त्या पारदर्शक द्रवाचा) एकसारखा थर द्या, प्रिंट पालथी घालून दाबा आणि एक पूर्ण दिवस वाळू द्या. मग ओल्या स्पंजने कागद भिजवा आणि बोटाच्या पेराने गोल गोल चोळा. कागदाचा लगदा शेवयांसारखा वळून निघत जातो आणि खालून रंग उघडा पडत येतो. घाई केलीत तर रंगही निघतो. वाळल्यावर पांढुरकं दिसलं तर अजून लगदा शिल्लक आहे, पुन्हा भिजवा. थोडे ओरखडे राहतात, आणि जुन्या भिंतीवरच्या चित्रासारखं जे काही दिसतं ते छापून येत नाही. डोहाळजेवणाच्या तोरणाला किंवा फ्रेमला हे वापरा. इंकजेटची प्रिंट इथे चालत नाही, ती पाण्यात विरघळून जाईल.

दुपट्याला यातलं काहीही नको. बाळाच्या अंगाला टोनर, मीडियम, ट्रान्सफर पेपर काही लागू देऊ नका. सॅटिनही नको, पॉलिस्टर घाम शोषत नाही. एक वाट म्हणजे मीटरवर सुती कापड छापून देणाऱ्यांकडून रिॲक्टिव्ह छपाई करून घेणं. त्यात रंगाचा सुती धाग्याशी बंध होतो, वाफ देऊन आणि धुऊन तो पक्का करतात. घरी आणल्यावर दोनदा धुवा, मगच शिवा. पण तुमच्या जागी मी असते तर दुसरी वाट धरली असती. किटमधली एक कुयरी साध्या कागदावर मोठी करून छापायची, खिडकीच्या काचेवर कागद लावून त्यावर मलमल धरायचं आणि धुऊन जाणाऱ्या पेन्सिलने रेघ उतरवायची. मग दोन पदरी मलमलावर गोधडीचा धावदोरा घालायचा, किटमधल्याच राणी आणि मोरपंखी रंगांच्या दोऱ्यांनी. दीड महिन्यात रोज अर्धा तास बसलात तर होतं. मुलीच्या आईने घातलेला धावदोरा दहा वर्षांनीही त्या दुपट्यावर असेल.

परवान्याचं एक बघून घ्या. किटसोबत एक छोटी मजकुराची फाइल येते, ती कुणी उघडत नाही. 'पर्सनल यूज' लिहिलं असेल तर घरच्या समारंभाला वापरायला हरकत नसते, पण हेच बटवे उद्या बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये किंवा सोसायटीच्या दिवाळी स्टॉलवर विकायचे म्हटलंत तर 'कमर्शियल यूज'चा वेगळा परवाना लागतो. आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर फाइल टाकू नका. कुणीतरी रात्ररात्र बसून ती काढलेली असते. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क त्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. विकण्याचा विचार खरंच असेल तर घरातल्या जुन्या खणाचे, आजीच्या भरतकामाचे, इरकलीच्या काठाचे तुकडे ६०० डीपीआयला स्कॅन करा आणि स्वतःचे कागद बनवा. दुप्पट मोठे छापलेत तरी ३०० चा तपशील टिकतो. जरीची नक्षी मात्र स्कॅनरच्या उजेडात काळी पडते, तिचा फोटो खिडकीपाशी काढा.

शेवटची गोष्ट तुमच्या वेळापत्रकाची. अल्बमचा ढाचा, माळ, कव्हरं आणि डोहाळजेवणापर्यंतची पानं आत्ता करून वाळवून ठेवा. बारसं बाराव्या दिवशी आलं तर तेव्हा घरात कुणाला सवड नसते, आणि नाव तर त्या दिवशीच कानात सांगणार. म्हणून पहिल्या पानावर पाळण्याच्या चित्राखाली तीन इंच बाय एक इंचाची खिडकी कापून ठेवा आणि मागून वरची बाजू उघडी असलेला खिसा लावा. त्याच जाड कागदाच्या तीन-चार कोऱ्या चिठ्ठ्या कापून अल्बमच्या मागे क्लिपने अडकवा. नाव ठेवून झालं की आत्याच्या हातात पेन द्या, तिनेच ते चिठ्ठीवर लिहावं आणि खिशात सरकवावं. चिठ्ठीला चकचकीत कागद घेऊ नका, शाईचं पेन त्यावर फासतं.